ल्यूरचा रंग आणि समुद्रातला मासा : बडोद्याहून गरवायला जाणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्याला समुद्र नाही. तरी आम्ही पाच-सहा जण दिवाळी उरकली की रॉडच्या नळ्या खांद्याला लावून गरवायला, म्हणजे गळाने मासे पकडायला, निघतो. कधी ओखा–एर्नाकुलम गाडीने रत्नागिरी, कधी गाडी काढून सौराष्ट्राचा किनारा. परत आल्यावर दांडिया बाजारातल्या चहाच्या टपरीपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत एकच प्रश्न येतो, "कुठल्या रंगावर लागला?" म्हणजे ल्यूरच्या, खोट्या आमिषाच्या, कुठल्या रंगावर मासा लागला. किती खोलीवर, कुठल्या भरतीला, किती वेळाने, हे कोणी विचारत नाही. तेच तेच सांगून तोंड दुखलं, म्हणून सगळी उत्तरं एकदाची लिहून काढली.

एका वाक्यात सांगा. रंगाने फरक पडतो का?

पडतो, पण त्याचा नंबर पाचवा. आधी मासा तिथे असायला हवा, मग ल्यूर त्याच्या खोलीवर हवं, मग आकार, मग चाल, आणि त्यानंतर रंग. रंगातसुद्धा लाल की निळा हा प्रश्न नंतरचा. फिकं की गडद, हा आधीचा.

मग एकाच ल्यूरचे चाळीस रंग का विकतात?

साचा एकदा बनवला की बनवला, त्याला पैसे लागतात. रंग बदलणं त्यामानाने फुकटात पडतं. नवा साचा न काढता नवा माल दाखवायचा तर रंगच बदलणार. मंगळ बाजारात ओढण्यांच्या दुकानासमोर उभं राहून बघा, तोच हिशेब आहे. मी स्वतः पहिल्या वर्षी सतरा रंगांचा एक संच मागवला होता. कुठून ते विचारू नका. रंग सगळे झकास होते, पण गळ एवढे मऊ की पहिल्याच बऱ्या माशाने तिन्ही सरळ करून दाखवले. तेव्हापासून ल्यूर हातात घेतलं की आधी गळ वाकवून बघतो, रंग नंतर.

पाण्याखाली रंगाचं नेमकं काय होतं?

हे नीट समजलं तर पुढचे निम्मे प्रश्न पडणारच नाहीत, म्हणून इथे जरा थांबतो.

वस्तूला स्वतःचा म्हणून रंग असतो हा आपला समज. खरं म्हणजे वस्तू तिच्यावर पडलेल्या उजेडातला काही भाग परत पाठवते, इतकंच. उजेडात लाल नसेल तर लाल वस्तू परत काय पाठवणार? रस्त्यावर पूर्वी पिवळे सोडियमचे दिवे असायचे ते आठवा. गरबा संपवून घरी येताना लालभडक चणिया-चोळी त्या दिव्यांखाली चक्क कुळथाच्या पिठल्यासारखी दिसायची. कापड तेच होतं, उजेड बदलला होता.

समुद्राचं पाणी उजेड गाळतं आणि सगळे रंग सारखे गाळत नाही. सगळ्यात आधी लाल जातो. स्वच्छ समुद्रातही पाच-सहा मीटर खाली लाल बराचसा संपलेला असतो, दहा मीटरवर तो नावालाच उरतो. त्याच्या मागून नारिंगी जातो, मग पिवळा. मोकळ्या, निळ्याशार समुद्रात सगळ्यात खोल पोचतो तो निळा.

पण आपण गरवतो तो समुद्र निळाशार नसतो, आणि परदेशी व्हिडिओ बघून खरेदी करणारे इथेच चुकतात. किनाऱ्याजवळच्या पाण्यात सूक्ष्म वनस्पती असतात, नद्यांनी आणलेला कुजलेला पाला विरघळलेला असतो, गाळ असतो. ही मंडळी निळा उजेड आधी खातात. लाल तर पाणीच खातं. उरतो मधला हिरवा-पिवळा. म्हणून दिवाळीनंतर कोकणातलं पाणी कितीही छान निवळलं तरी ते हिरवं दिसतं, आणि खोलवर पोचणारा उजेडही हिरवाच असतो.

याचा व्यवहारातला अर्थ असा. बारा मीटरवर लाल जिग (खोल बुडणारं धातूचं ल्यूर) म्हणजे काळपट जिग. निळं ल्यूर हिरव्या पाण्यात करडं. पिवळसर हिरवं उजळ. पांढरं मात्र ज्या उजेडात असेल त्याच रंगाचं आणि सगळ्यात उजळ. घरबसल्या बघायचं असेल तर स्टेशनरीच्या दुकानातून हिरवा जिलेटीन कागद आणा, त्याच्या दोन-तीन घड्या डोळ्यासमोर धरा आणि ल्यूरचा डबा उघडा. पंधरा रंगांचे तीन-चारच उरतात. मी हा प्रयोग खरेदीच्या आधी केला असता तर बरेच पैसे वाचले असते.

मी तर खडकावरून फेकतो. ल्यूर दोन मीटरच्या खाली जात नाही. मग लाल लालच दिसेल ना?

तुमच्या पायाशी असेपर्यंत, हो. पण मासा ते कुठून बघतो? उजेड वरून दोन मीटर खाली येतो, ल्यूरवर आपटतो आणि तिथून आडवा माशापर्यंत जातो. मासा ल्यूरपासून सहा मीटर अंतरावर असेल तर उजेडाने एकूण आठ मीटर पाणी कापलं. गाळणी खाली जातानाच लागते असं नाही, ती आडवीही तशीच लागते.

म्हणजे सुरमईला लांबून जे दिसतं ती एक उजळ किंवा काळी हलणारी आकृती. अगदी जवळ, शेवटच्या हातभर अंतरावर, तुमचा रंग खुलतो. पण तोवर ती सुसाट आलेली असते आणि विचार करायला तिला वेळ नसतो. उलट निवांत, सावलीत बसून निरखणारा मासा असेल, खडकातला गोब्रा किंवा तांबोशी, तर जवळून दिसणाऱ्या रंगाला थोडी जास्त किंमत आहे, असं मला वाटतं.

खंबातच्या आखातात कुठला रंग चालतो? ते तर आपल्याला सगळ्यात जवळ.

जवळ आहे खरं. कावी-कंबोईला स्तंभेश्वर महादेवाला गेला असाल तर भरतीत देऊळ पाण्याखाली जाताना पाहिलंच असेल. आता त्या पाण्याचा रंग आठवा. दूध जास्त झालेल्या चहाचा. नर्मदा, तापी, मही, साबरमती चारही नद्या तिथे गाळ ओततात, आणि भावनगरच्या बाजूला भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या आसपास जातो. एवढं पाणी दिवसातून दोनदा आत-बाहेर धावल्यावर गाळ खाली बसणार कधी? स्वतःचा हात कोपरापर्यंत बुडवला तर बोटं दिसत नाहीत. तिथे रंगावर वाद घालणं म्हणजे अमावास्येला मेंदी कशी रंगली ते विचारणं. आणि भरती इतकी वेगात येते की चिखलात गरवायला उतरूच नका. आम्ही तिथे फक्त दर्शनाला जातो.

गढूळ पाणी सगळीकडेच भेटतं. तेव्हा काय लावायचं?

दिसण्याआधी जाणवेल असं काही. माशाच्या दोन्ही अंगांवरून एक संवेदनशील रेघ जाते, तिने त्याला पाण्यातली थरथर कळते. गढूळ पाण्यात तो तिच्यावर आणि वासावर जगतो. म्हणून जाड शेपटीचं, जोरात थरथरणारं सॉफ्ट प्लास्टिक, किंवा आत खुळखुळणारे मणी असलेलं ल्यूर लावा आणि सावकाश ओढा. रंग दोनच, एकदम गडद किंवा झगझगीत पिवळसर हिरवा. खाडीतल्या जिताड्यासाठी मी सोनेरी पाठीचं लावतो. सोनेरीच का, ते मला पटवून सांगता येणार नाही. पहिला जिताडा त्याच्यावर लागला, बस.

पाणी किती स्वच्छ आहे ते ठरवायचं कसं? डोळ्यांना तर सगळं सारखंच दिसतं.

१८६५ साली आंजेलो सेक्की नावाच्या इटालियन पाद्र्याने, जो खरा खगोलशास्त्रज्ञ होता, भूमध्य समुद्रात पांढरी तबकडी दोरीने खाली सोडली आणि ती दिसेनाशी होते ती खोली मोजली. समुद्राचा अभ्यास करणारे आजही तीच युक्ती वापरतात. आपण श्रीखंडाच्या डब्याचं पांढरं झाकण घेतो. मधोमध भोक पाडून शिसं बांधायचं, दोरीला दर अर्ध्या मीटरला गाठ मारायची आणि जेट्टीवरून सोडायचं. एक मीटरच्या आत नाहीसं झालं तर गढूळ, वरचं उत्तर वाचा. तीन-चार मीटरपर्यंत दिसलं तर चंदेरी, पांढरं, नैसर्गिक रंग काढा. मधलं असेल तर दोन्ही न्या. झाकण परत वर आणायला विसरू नका. डबा घरच्यांचा आहे.

पण याहून मोठी गोष्ट म्हणजे पाणी स्वच्छ असेल तो दिवस निवडणं, आणि ते पंचांगात लिहिलेलं असतं. पौर्णिमा-अमावास्येला उधाण. पाणी खूप वर चढतं, खूप खाली जातं, तळ ढवळून निघतो. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाण्याची हालचाल कमी आणि गाळ बसलेला. कोकणातले जुने लोक भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. मिनिटाला मिनिट जुळत नाही, पण थोडाफार वेळ इकडे-तिकडे धरला तर हिशेब बसतो.

आता अष्टमीचं बघा. भांगाचं निवळ पाणी, आणि भरती पूर्ण होते सकाळी सहाच्या सुमारास, पुन्हा संध्याकाळी सहाच्या सुमारास. म्हणजे पाणी स्वच्छ, पाणी भरलेलं आणि उजेड तिरपा, तिन्ही एकाच वेळी. आमच्यातले एक काका रजा टाकताना रविवार बघत नाहीत, अष्टमी बघतात. अर्थात भांगाला ओढ कमी असते आणि काही मासे ओढ असल्याशिवाय खातच नाहीत, त्यामुळे उधाणाच्या दिवसांचेही भक्त आहेत. त्यांच्याशी वाद घालत नाही. त्यांच्या डब्यात गडद ल्यूरं जास्त असतात, एवढं मात्र नक्की.

हा तिथीचा हिशेब खंबातच्या आखाताला लावू नका. तिथे पाणी लांबवर आत पोचेपर्यंत वेळ बदलते.

पृष्ठभागावर चालणाऱ्या पॉपरला वरून इतका सुंदर रंग देतात. मासा तो बघतो का?

१४ जानेवारीला गच्चीवर उभं राहिलेल्या माणसाने हा प्रश्न विचारू नये. पेच लागलेला आपला पतंग लाल होता की जांभळा, हे उंच गेल्यावर, त्यातून सूर्य मागे असताना, कळतं का? काळा ठिपका दिसतो. त्याचा आकार कळतो, त्याची चाल कळते.

पॉपरखालच्या माशाची मान तशीच वर असते. त्यात आणखी एक गंमत आहे. पाण्यातून वर पाहताना उजेड वाकतो, त्यामुळे माशाला बाहेरचं सगळं आकाश डोक्यावरच्या एका गोल खिडकीत मावलेलं दिसतं. तिचा कोन साधारण ९७ अंशांचा असतो. पॉपर त्या उजळ खिडकीत आलं की काळी सावली. पाठीवरची नक्षी तुमच्यासाठी आहे, लाटांत ल्यूर कुठे आहे ते तुम्हाला दिसावं म्हणून. आणि ते काही कमी कामाचं नाही. माझं पॉपर पाठीवर भडक नारिंगी असतं. पोट पांढरं ठेवा की काळं, पहाटे नि संध्याकाळी मी काळं निवडतो. फिक्या आकाशावर काळी आकृती सगळ्यात ठसठशीत.

माशांना रंग दिसतो तरी का?

सगळ्यांना सारखा नाही. डोळ्यात दोन जातीच्या पेशी असतात, अंधुक उजेडात काम करणाऱ्या आणि भर उजेडात काम करणाऱ्या. दुसऱ्या जातीला शंकू पेशी म्हणतात. त्यांचे निदान दोन प्रकार असल्याशिवाय एक रंग दुसऱ्यापासून वेगळा ओळखता येत नाही. उथळ पाण्यातल्या, प्रवाळात राहणाऱ्या बऱ्याच माशांना ते आहेत आणि ते रंग चांगले ओळखतात. काहींना तर आपल्याला न दिसणारा अतिनील उजेडही दिसतो.

मोरीचं, म्हणजे शार्कचं, म्हणाल तर ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०११ साली शार्कच्या १७ जातींचे डोळे तपासून प्रसिद्ध केलं, त्यात १० जातींत शंकू पेशी सापडल्याच नाहीत. उरलेल्या ७ जातींत त्या होत्या, पण एकाच प्रकारच्या. म्हणजे त्यांचं जग बहुधा जुन्या दूरदर्शनसारखं, काळं-पांढरं. मोरी आपण मुद्दाम गरवत नाही. गळाला आली तर दोरा जवळून कापून सोडा. किनाऱ्यावर बऱ्याच जाती आता संरक्षित आहेत आणि पिल्लू बघून जात ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही.

म्हाकूल तर रंग बदलतं. त्याला रंग नक्की दिसत असणार!

मलाही असंच वाटायचं. पण म्हाकूल, नळ (स्क्विडच्या कुळातले सोंडांचे जीव) आणि त्यांच्या बहुतेक भाऊबंदांच्या डोळ्यात रंग टिपणारं द्रव्य एकाच प्रकारचं असतं, म्हणून रूढ अर्थाने ते रंगांधळे. क्षणात वाळूच्या रंगाचं होणारं जनावर रंग न पाहता हे करतं कसं, यावर अजून वाद चालू आहे. काही जण म्हणतात, त्याच्या डोळ्याची बाहुली वाकड्यातिकड्या आकाराची असल्यामुळे वेगवेगळे रंग कमी-जास्त धूसर दिसतात आणि त्या धूसरपणावरून ते अंदाज बांधतं. त्याला एक गोष्ट मात्र दिसते जी आपल्याला दिसत नाही : उजेडाच्या लहरी कुठल्या दिशेने डोलताहेत ते. कोळंबीच्या पारदर्शक अंगावर, माशाच्या चकचकीत खवल्यांवर हा डोल बदलतो, आणि लपलेलं भक्ष्य त्याला उठून दिसतं.

तरीही म्हाकुलासाठीच्या जपानी कोळंबी-ल्यूरांना, ज्यांना एगी म्हणतात, नाना रंगांचं कापड गुंडाळलेलं असतं आणि त्याखाली सोनेरी, लाल, इंद्रधनुषी पन्नी. जपान्यांना समजत नाही असं थोडंच आहे? माझा अंदाज असा की रंग बदलला की उजळपणा आणि चमकही बदलते, आणि म्हाकूल त्यावर जातं. आम्ही रात्री जेट्टीवर दिव्याखाली दोन एगी आलटून-पालटून वापरतो, एक गडद आणि एक फिकं. याहून जास्त बारीक भेद करून कधी फायदा झालेला आठवत नाही. ती कोणत्या वेगाने खाली बसू दिली, याने मात्र रात्र फळते किंवा फुकट जाते.

सूर्य मावळल्यावर अंधारात चमकणारं ल्यूर घ्यावं का?

म्हाकुलासाठी आणि खोल पाण्यातल्या जिगला, हो. किनाऱ्यावरून फेकण्यासाठी मी घेत नाही. तिन्हीसांजेला माशाच्या डोळ्यात बदल चालू असतो. भर उजेडातल्या पेशी मागे सरतात, अंधुक उजेडातल्या पुढे येतात. या बदलाला मिनिटं लागतात, सेकंद नाहीत. त्या वेळेत रंग मिटत जातो आणि शिकारी माशाला बारक्या माशांवर वरचढ होता येतं. त्या अर्ध्या-पाऊण तासात काळी आकृती सगळ्यात बरी. पूर्ण अंधार झाला आणि तरी चमकणारं वापरायचंच, तर बॅटरीने पाच-दहा सेकंदच दाखवा. रात्रीच्या समुद्रात ट्यूबलाइट ओढत नेल्यासारखं करू नका.

फ्लुरोसंट आणि यूव्ही रंगांचं काय? ते पण विकायचं सोंग आहे का?

फ्लुरोसंट खरं आहे. साधा लाल रंग फक्त लाल उजेड परत पाठवू शकतो, आणि तो खाली उरत नाही. फ्लुरोसंट रंग मात्र निळा-हिरवा उजेड गिळून त्याचा नारिंगी किंवा लाल करून बाहेर टाकतो. त्यामुळे पंधरा मीटरवरही तो पेटल्यासारखा दिसतो. ढगाळ दिवशी, अर्धवट गढूळ पाण्यात याचा उपयोग होतो.

यूव्हीच्या बाबतीत मी हात आखडता घेतो. एकतर वेष्टनावर यूव्ही लिहिलेलं बहुतेक वेळा फ्लुरोसंटच असतं. दुसरं, अतिनील उजेड बघणारे मासे बरेचदा छोटे, वरच्या पाण्यातले, सूक्ष्म जीव खाणारे. मोठ्या शिकारी माशांपैकी पुष्कळांच्या डोळ्याचं भिंगच तो अडवतं.

कुठेही गेलं तरी चंदेरी चालतं, असं का?

कारण खरा मासाही तसाच असतो. तारली, पेडवा, मांदेली, बोय, यांच्या खवल्यांत ग्वानीनचे चपटे स्फटिक थरावर थर बसलेले असतात. ते आरशासारखे काम करतात. हिरव्या पाण्यात चंदेरी मासा हिरवट दिसतो, निळ्या पाण्यात निळसर. म्हणून तो लपतो. आणि अंग वाकडं झालं, जखमी होऊन लटपटला, की आरसा वेगळीकडे वळतो आणि लखकन चमक मारतो. शिकारी त्या चमकेची वाट बघत असतो. चंदेरी जिग ओढताना दर चार-पाच फिरक्यांनी क्षणभर थांबा, त्याला कलंडू द्या. रंग बदलण्यापेक्षा एवढ्याने जास्त फरक पडतो.

लाल डोकं, पांढरं अंग : हा जुना नुसखा खरा का?

खरा, पण लाल असल्यामुळे नव्हे. खाली गेल्यावर लाल काळपट होतो, पांढरं उजळ राहतं. उरतो तो एका अंगावर काळ्या-पांढऱ्याचा तुटक भेद, जो कुठल्याही पाण्यात उठून दिसतो. काळं डोकं रंगवलं तर खाली जवळजवळ तेच होईल. लाल दुकानात शोभून दिसतो.

माझ्या मित्राला एकाच दिवशी गुलाबीवर सहा आणि मला निळ्यावर दोन मिळाले. आता काय म्हणाल?

अभिनंदन म्हणेन. मग विचारेन : दोघं एकाच खडकावर होतात का? ल्यूरचं वजन तेच होतं का? त्याचा वेग तुमच्याइतकाच होता का? सगळं सारखं होतं असं धरलं तरी एक हिशेब करा. एक नाणं आठ वेळा उडवलं तर सहा-दोन किंवा त्याहून एकतर्फी निकाल शंभरातून सुमारे २९ वेळा येतो. नुसत्या नशिबाने. म्हणजे दर तीन-चार सहलींत एक रंग विनाकारण हिरो ठरणार, आणि पुढची दहा वर्षं त्याच्या गोष्टी सांगितल्या जाणार.

खरंच बघायचं असेल तर एकाच जातीची, एकाच वजनाची दोन ल्यूरं घ्या. दोघांनी दर अर्ध्या तासाने ल्यूर आणि जागा दोन्ही बदलायच्या, वहीत लिहायचं. आम्ही एक हिवाळा हे केलं. आठव्या दिवशी वही पाण्यात पडली. तोवर पांढरं आणि गुलाबी बरोबरीत होते, आणि ज्याच्या हातात रॉड होता त्या माणसाचा फरक रंगाच्या फरकापेक्षा मोठा दिसत होता. गुलाबीवाल्याला हे अजून मान्य नाही.

पण एक गोष्ट मी कबूल करतो. ज्या रंगावर विश्वास असतो तो आपण जास्त वेळ पाण्यात ठेवतो, नीट ओढतो, कंटाळून बदलत नाही. तेवढ्यापुरता गुलाबी खरंच जास्त मासे देतो.

रंग उडालेलं ल्यूर टाकून द्यावं का?

अजिबात नको. माझं सगळ्यात जास्त सुरमई दिलेलं मिन्नो (छोट्या माशाच्या आकाराचं ल्यूर) दातांनी इतकं खरवडलंय की मूळ रंग सांगता येत नाही. आतलं पांढरं प्लास्टिक उघडं पडलंय, त्यावर ओरखडे. उघडे पडलेले भाग लाकडाचे असतील तर पाणी शिरून ते फुगतात, म्हणून तेवढे नेलपॉलिशने बंद करा. घरात विचारून घ्या. मी न विचारता एक बाटली संपवली होती. ती लग्नासाठी आणलेली निघाली.

दोऱ्याचा रंग?

ब्रेडचा, म्हणजे विणलेल्या मुख्य दोऱ्याचा, रंग तुम्हाला दिसेल असा घ्या. पुढे, ल्यूरच्या बाजूला, दीड-दोन मीटर पारदर्शक लीडर (जोडदोरा) लावा. सुरमई असेल तर लहानशी तार.

पाला मासा (हिल्सा) ल्यूरवर लागतो का? भरूचला पावसाळ्यात मिळतो तो.

नाही. तो पाणी गाळून सूक्ष्म जीव खातो. कुठलाही रंग दाखवा, तो ढुंकून बघणार नाही. जाळीवाल्यांकडून घ्या आणि काटे काढण्याची तयारी ठेवा.

पहिल्यांदाच जातोय. किती आणि कुठली घेऊ?

सहा पुरेत. ३० ग्रॅमच्या आसपासचे दोन चंदेरी जिग, एक दहा-बारा सेंटीमीटरचं बुडणारं मिन्नो पांढऱ्या पोटाचं, एक पॉपर काळ्या पोटाचं, आणि दोन सॉफ्ट प्लास्टिक, एक झगझगीत पिवळसर हिरवं नि एक गडद. उरलेल्या पैशांत चांगले गळ, चांगली कडी आणि खडकावर न घसरणारे बूट घ्या. शेवाळलेल्या खडपावर स्लीपर घालून उभा राहिलेला बडोदेकर आम्ही उचलून आणलाय.

फेकायचा सराव बडोद्यातच कुठे करता येईल?

मोकळ्या मैदानात, सकाळी लवकर, गळ काढून, नुसतं वजन बांधून. विश्वामित्रीच्या काठावर चुकूनही नको. तिथल्या मगरींना तुमच्या ल्यूरच्या रंगाशी कर्तव्य नाही. सुरसागरावर केलात तर मासा नाही, गर्दी मात्र जमेल.

कधी जाऊ नये, कुठे गरवू नये?

पावसाळ्यात नको. १ जूनपासून निदान ३१ जुलैपर्यंत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. काठावरून गरवायला तेव्हा समुद्रही धड नसतो आणि पाणीही. नारळी पौर्णिमेनंतर कोळी बांधव बाहेर पडतात, पण आपल्यासारख्या काठावरच्यांनी पाणी निवळेपर्यंत, म्हणजे दिवाळीपर्यंत, थांबलेलं बरं. जामनगरच्या सागरी राष्ट्रीय उद्यानात, जे १९८२ पासून आहे, गरवायचं नाही. मालवणला १९८७ सालचं सागरी अभयारण्य आहे, त्याची हद्द स्थानिकांना विचारूनच रॉड काढा.

गाडीत ल्यूरं कशी न्यायची?

तिहेरी गळांना टोप्या घालून, झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात. आमच्यातल्या एकाने पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात सुटी ठेवली होती. सुरत यायच्या आधी वरच्या बर्थवरल्या आजींच्या शालीत एक अडकलं. ते नेमकं गुलाबी होतं.